माणसासारखी चूक

झटपटला हे नाव त्याच्या कामाच्या वेगावरून पडलं होतं. तो वेग त्याचा स्वतःचा नव्हता हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलत नव्हतं, कारण सगळ्यांचाच वेग तिथूनच यायचा. त्यांची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. पेशंटला वेळ द्यायची, पेशंटने ती रद्द केली तर नाव काढायचं, आणि आज कोण कोण येणार त्याची यादी रिसेप्शनवरच्या पोरीला दाखवायची, एवढंच त्या सॉफ्टवेअरचं काम. त्यासाठी खोलीभर प्रोग्रॅमर बसवले होते, आणि त्या खोलीभर प्रोग्रॅमरांच्या वतीने कोड लिहायचे ते काका.

काका म्हणजे एआय. प्रत्येकाच्या स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात त्याची खिडकी दिवसभर उघडी असायची. त्याला काका म्हणायचं कारण असं की काहीही विचारा, तो उत्तर देणारच. येत असेल तर देणार आणि येत नसेल तर जास्त ठासून देणार. असा एक काका प्रत्येकाच्या नात्यात असतो. फक्त त्याच्या जिवावर सहसा कुणी पगार उचलत नाही.

झटपटच्या सासूबाईंना हे प्रकरण एकदा नीट समजून घ्यायचं होतं. "म्हणजे तुम्ही त्याला विचारता, तो सांगतो, आणि तुम्ही ते तिकडे ठेवता," त्या म्हणाल्या. "मग जावईबापू, तुम्ही नेमकं काय करता?" बायको तोंडावर ओढणी धरून हसत होती. झटपटने 'आर्किटेक्चर' असा एक शब्द सांगितला आणि विषय बदलला.

पण प्रश्न रुतला. कॉलेजात असताना तो कोड लिहायचा, आणि बरा लिहायचा. मग काका आले आणि हात सुटला. आता रिकामा स्क्रीन समोर आला की तो आधी काकांच्या खिडकीकडे वळायचा. आपल्याला अजून येतं का, हे एकदा तपासून बघावं असं त्याला कितीदा वाटे, पण छाती होत नसे. तपासलं आणि येत नाही असं निघालं, तर मग त्या माहितीचं करायचं काय?

ही तपासणी शेवटी त्याच्यावर वरूनच लादली गेली. विभागाच्या मुख्य मॅडम कुठल्याशा परिषदेला जाऊन आल्या. त्यांना मागून सगळे गाळणी म्हणत, कारण त्यांनी तपासल्याशिवाय कुणाचाही कोड पुढे जात नसे. परिषदेत कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं की प्रोग्रॅमर लोक प्रोग्रॅमिंग विसरत चालले आहेत. गाळणीने आल्या आल्या फर्मान काढलं. दर बुधवारी काका बंद. बुधवारचा कोड ज्याने त्याने आपल्या हाताने लिहायचा. तिमाही संपली की या बुधवारांवरून ठरणार, कोण प्रोग्रॅमर म्हणून राहणार आणि कोणाला खालच्या मजल्यावर फोनवर बसवणार. खाली दिवसभर रिसेप्शनवाल्यांचे फोन घ्यायचे आणि "मॅडम, एकदा बंद करून चालू करून बघा" असं सांगायचं, असं ते काम होतं. तिकडे गेलेला माणूस परत वर आल्याचं कुणाच्या पाहण्यात नव्हतं.

पहिल्या बुधवारी सगळ्यांची धाबी दणाणली होती. खोलीत अशी शांतता कधी नव्हती. मग थोड्या वेळाने एकेकाचा ड्रॉवर अर्धा उघडा झाला. ड्रॉवरमध्ये मोबाइल, मोबाइलमध्ये काका. मान खाली, मान वर, दोन ओळी टाइप, पुन्हा मान खाली. हाताने लिहायचं म्हणजे हाताने लिहायचं, आणि तो नियम सगळ्यांनी इमानेइतबारे पाळला.

संध्याकाळी गाळणीने झटपटला केबिनमध्ये बोलावलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो मॅडम. हातानं." हे खोटं नव्हतं.

"यात एकही चूक नाही."

झटपटला वाटलं कौतुक चाललंय, म्हणून तो हसला.

"माणूस लिहितो तिथे चूक होते," गाळणी म्हणाली. "विचार करणारा माणूस अडखळतो. मला ते अडखळणं दिसलं पाहिजे. पुढच्या बुधवारी दिसू दे."

झटपट खाली मान घालून बाहेर आला. समोरच्या टेबलावरचा निवांत खुर्चीत रेलून बसला होता. त्याचं हे नाव कसं पडलं ते सांगायची गरज नाही.

"एवढंच ना?" निवांत म्हणाला. "चूकसुद्धा काकांनाच मागायची. माणूस करेल अशी एक चूक घालून दे म्हणायचं. ते काय नाही म्हणतात?"

काका नाही म्हणाले नाहीत. पुढच्या बुधवारी त्यांनी निवांतला सुंदर कोड दिला, त्यात एक सुंदर चूक दिली, आणि काकांना खुलासा केल्याशिवाय राहवत नाही, म्हणून चुकीच्या वर एक ओळ लिहिली: 'आपल्या विनंतीनुसार येथे माणसासारखी चूक मुद्दाम ठेवली आहे.' निवांतने मान खाली, मान वर करत तीसुद्धा टाइप केली. त्याने वाचलीच नव्हती. टाइप करायला वाचावं लागत नाही, हे त्याला पहिल्याच बुधवारी चांगलं जमलं होतं.

निवांतला तिमाही संपायचीही वाट बघावी लागली नाही. तो शुक्रवारपासून फोनवर बसला. जाताना टेबलावरचं छोटं झाड झटपटकडे देऊन गेला आणि म्हणाला, "पाणी जास्त घालू नकोस." त्या दिवशी झटपटला खरं म्हणजे रडू येत होतं, आणि त्यातलं निम्मं निवांतसाठी होतं.

आता चूक स्वतःच करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आणि इथेच पंचाईत झाली. चूक करणं सोपं असतं, असा झटपटचा समज होता. पण काकांचा कोड समोर ठेवून त्यात एक चूक बसवायला गेला, तर कुठे बसवायची तेच कळेना. इथे काही बिघडवलं तर सगळंच कोसळतं. तिथे बिघडवलं तर कुणालाही दिसतं. माणूस नेमका कुठे अडखळेल, हे समजायला तो कोड आधी समजायला हवा. म्हणून झटपटने तो वाचायला घेतला. एकेक ओळ, बोट ठेवून. ही ओळ का आहे? ती नसती तर काय झालं असतं? एखाद्या थकल्या माणसाने इथे काय लिहिलं असतं?

आठवडे गेले. आधी त्याच्या चुका ओबडधोबड होत्या. मग त्यांना वळण येत गेलं. तो घरी आंघोळ करताना चुकांचा विचार करू लागला. रस्त्याने चालताना त्याला एकदम एखादी मस्त चूक सुचायची आणि तो फुटपाथवर थांबायचा. बायको म्हणाली, "तू आजकाल एकटाच हसतोस. कोण आहे ती?" चुकीबद्दल कसं सांगायचं? गाळणी मात्र खूश होती. दर बुधवारी ती त्याची चूक बरोबर पकडायची आणि म्हणायची, "बघ, ही चूक विचार करणाऱ्या माणसाची आहे. तू सुधारतोयस." मूळ कोड काकांचाच असे, हे अर्थात तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका बुधवारी झटपटने आपली सर्वांत देखणी चूक केली. दवाखान्याच्या दिवसभराच्या यादीचा कोड होता. दवाखाना बंद होण्याच्या वेळेपर्यंतची नावं दाखवायची, तिथे त्याने 'पर्यंत'च्या जागी 'आधी' येईल असं केलं. एका चिन्हाचा फरक. ती नीट बसावी म्हणून आजूबाजूच्या ओळी बदलाव्या लागल्या, त्या बदलल्या म्हणून खालच्या बदलाव्या लागल्या, आणि त्या नादात त्याने पुढचा बराच भाग लिहून काढला. दुपारी चहाला उठला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आज मोबाइल ड्रॉवरमध्ये पालथाच पडलाय. त्याचं त्याला विशेष काही वाटलं नाही. त्याचं मन चुकीत होतं.

आणि गाळणीने तो कोड पास केला. चूक न पकडता.

झटपट दोन दिवस वाट बघत होता की आता बोलावतील, मग बोलावतील. कुणी बोलावलं नाही. सांगायला जावं तर काय सांगणार? मॅडम, मी एक चूक लपवली होती, ती तुम्हाला सापडली नाही, ती परत द्या? शिवाय, खरं सांगायचं तर, त्याला थोडा गर्वही झाला होता. आपली चूक गाळणीतून गेली. कोड दवाखान्यांत जाऊन पोचला आणि झटपट आपल्या कामाला लागला.

सासूबाईंचा गुडघा दुखायचा. त्यांची व्यायामाच्या दवाखान्यातली वेळ दिवसातली शेवटची असे, कारण बायको कामावरून सुटल्यावर त्यांना सोडायला जायची. त्या दवाखान्यात झटपटच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर होतं आणि सासूबाई हे रिसेप्शनवर मोठ्या तोऱ्यात सांगत. त्या संध्याकाळी त्या घरी आल्या त्या फणफणत.

"नाव नाही म्हणे. काल फोन केला तेव्हा होतं, आज नाही. ती पोरगी मलाच म्हणते, आजी, तुमचा दिवस चुकला असेल. माझा दिवस चुकतो का कधी? चांगले दोन मजले चढून गेले, तशीच उतरले."

झटपटने हातातला घास परत ताटात ठेवला. शेवटची वेळ. यादीतलं शेवटचं नाव. त्याला आपली देखणी चूक डोळ्यांसमोर दिसली, आणि ती आता अजिबात देखणी नव्हती. "आई, उद्या दुरुस्त होईल," तो म्हणाला. "होणारच."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोनांचा पाऊस. ठिकठिकाणी दिवसाचा शेवटचा पेशंट यादीतून गायब. कुणी तापलेलं पोर घेऊन आलेलं, कुणी लांबून बस बदलत आलेलं, आणि सगळ्यांना परत पाठवलेलं. सगळ्या खोलीने काकांना विचारलं. काकांनी प्रत्येकाला वेगळं आणि ठाम उत्तर दिलं. एकाला सांगितलं दवाखान्यांची घड्याळं चुकली आहेत, दुसऱ्याला सांगितलं इंटरनेट.

झटपट गाळणीच्या केबिनमध्ये गेला. ती फोनवर कुणाची तरी माफी मागत होती आणि तिचा स्क्रीन दाराकडे वळलेला होता. त्यावर झटपटचा कोड होता. शेजारी काकांची खिडकी, आणि त्यात गाळणीचा प्रश्न: 'यात माणसाने केलेली चूक शोधून दे.' त्याच्या वर आदल्या बुधवारचा तोच प्रश्न. त्याच्याही वर तोच. गाळणीने फोन ठेवला, त्याची नजर कुठे आहे ते पाहिलं, आणि स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवला.

"मी बघतो मॅडम," झटपट म्हणाला.

दुरुस्ती एका चिन्हाची. पण लगेच सांगितलं तर संशय येईल, म्हणून त्याने शोधण्याचं नाटक केलं. कपाळाला आठ्या घातल्या, मधूनमधून "अच्छा" म्हणाला, एकदा खिडकीशी जाऊन उभा राहिला. जेवणाची सुट्टी संपल्यावर ते चिन्ह बदललं आणि जाहीर केलं की सापडली. खोलीने टाळ्या वाजवल्या. गाळणी स्वतः बाहेर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली की याला म्हणतात हाताने शिकलेला माणूस, आणि तिमाहीच्या यादीत याचं नाव सगळ्यांत वर असेल. झटपट लाजला. माणूस खोट्या कौतुकानेही लाजतो.

त्या संध्याकाळी सासूबाईंना पुन्हा परत पाठवलं.

त्या रागावल्याही नाहीत. नुसत्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या. झटपटला ते जास्त लागलं. त्याने विचारलं, "आई, तुमची वेळ नेमकी कितीची असते?" त्यांनी सांगितली. ती दवाखाना बंद होण्याच्या बरीच आधीची होती. झटपट तसाच उभा राहिला. त्याने लपवलेली चूक फक्त बंद होण्याच्या ठोक्याला येणाऱ्या पेशंटला लागली असती, आणि अशी वेळ कुठलाच दवाखाना देत नाही. त्या बिचाऱ्या चुकीने कुणाचंही काही वाकडं केलं नव्हतं. दोष दुसराच होता आणि तो कुठे आहे याचा त्याला पत्ता नव्हता.

सकाळी त्याने आधी काकांनाच विचारलं. काका म्हणाले, कोड उत्तम आहे, विशेषतः वेळ रद्द झाल्यावर नाव काढण्याचा भाग फार काळजीपूर्वक लिहिला आहे. झटपटने खिडकी बंद केली. त्याने आयुष्यात पहिल्यांदा ती आपण होऊन बंद केली होती. आता नाटक नव्हतं. आता सापडलं तर सापडलं.

तो वरून खाली वाचत गेला. बरोबर वाटत होतं. पुन्हा वाचलं, पुन्हा बरोबर वाटलं. वाचून भागेना, तेव्हा तो उठला आणि टेबलाटेबलांवरचे चहाचे कप गोळा करून आणले. ते एका ओळीत मांडले. हा पहिला पेशंट, हा दुसरा, शेवटच्या म्हणजे सासूबाई. खोलीतले लोक एकमेकांकडे बघू लागले. झटपट कोडची एक ओळ वाची आणि कपांना ती करायला लावी. मधल्या पेशंटने वेळ रद्द केली. त्याचा कप उचलला. कपांची ओळ एकाने लहान झाली, ती आपोआपच झाली. पुढची ओळ वाचली: आता एकूणातून एक कमी कर. झटपट थांबला. कमी तर झालेला आहे. कप हातातच आहे. कोड मात्र म्हणत होता, आणखी एक कमी कर, आणि शेवटचा कप ओळीबाहेर राहिला.

म्हणजे कुणीही रद्द केलं की शेवटचा माणूस गायब. एकदा वजा झालेलं पुन्हा वजा केलं होतं. आणि तो भाग काकांचा नव्हता. तो त्या बुधवारी, मोबाइल पालथा पडलेला असताना, त्याने स्वतः लिहिला होता. तो खाली बसला. त्याला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण तिच्या खालून आनंदासारखं काहीतरी वर येत होतं. त्याने स्वतःच्या डोक्याने काहीतरी लिहिलं होतं, ते चुकलं होतं, आणि ते त्याने स्वतः शोधलं होतं.

दुरुस्ती घेऊन तो गाळणीकडे गेला. तिने ती ओळ बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"ही चूक? इतकी बावळट? नाही, ही तुझी नाही. तुझ्या चुका मी ओळखते. माणूस असं दोनदा वजा करत नाही."

"करतो मॅडम."

"ऐक." ती पुढे झुकली. "बुधवारचा प्रयोग यशस्वी झाला असं मी वर कळवलंय. बुधवारी हाताने लिहिलेल्या कोडने पेशंट परत पाठवले असं निघालं, तर सगळंच अंगाशी येईल. हा भाग मंगळवारी लिहिला होता असं लिहू. मंगळवारी काका चालू असतात. म्हणजे चूक काकांची. तुझं नाव वर आहे ते वरच राहील."

सगळ्यांची सोय होती त्यात. झटपटने "हो" म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. मग त्याच्या मनात आलं, आजवर गाळणीने ज्याचं ज्याचं कौतुक केलं, त्यातला कोड काकांचा होता आणि चूक बनावट होती. त्याची म्हणावी अशी ही एवढीच एक ओळ होती.

"बुधवारीच लिहिलंय," तो म्हणाला. "मीच लिहिलंय."

"मग फोनवर जावं लागेल. कळतंय ना? काकांवर ढकललंस तर त्यांना काही वाटणार नाही."

"मला वाटेल मॅडम. ती माझी आहे."

गाळणी स्क्रीनकडे वळली. तिने काकांच्या खिडकीवर बोट नेलं आणि मागे घेतलं.

"त्यांना नाही सापडली," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "मी किती वेळा विचारलं."

"माहीत आहे."

"सोमवारपासून खाली फोनवर बस."

"बरं," झटपट म्हणाला आणि उठला.

"आत्ता कुठे निघालास?" गाळणी म्हणाली. "दार लोटून घे. खुर्ची इकडे ओढ, आणि कशी सापडली ते मला दाखव. सावकाश दाखव."